डोंगरगडच्या रस्त्यावरची दुभाषी

शाळा बंद झाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाउनशिपमधली शाळा ती. प्लांटातली भरती कमी झाली, क्वार्टरं रिकामी पडत गेली, तशी वर्गातली बाकंही रिकामी होत गेली. शेवटच्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गात अकरा मुली होत्या. मग एके दिवशी आम्हा सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बोलावलं, पेढे दिले आणि घरी पाठवलं. ते पेढे कशाचे होते ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही तो इथला विषय नाही. बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तरुणपणी भिलाईला आले आणि प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर लागले. रिटायर झाले तेव्हा सेक्टर ६ चं क्वार्टर सोडलं आणि आम्ही हुडको कॉलनीत आलो. आई तिथेच वारली. बाबांचं वय आता ऐंशीच्या पुढे. छातीत कोळशाची खरखर कायमची, पण पाय मजबूत. बाकी शरीर कंपनीला दिलं, पाय तेवढे माझे राहिले, असं ते म्हणायचे.

त्या पायांनी ते दर फेब्रुवारीत डोंगरगडला चालत जायचे. आमची बौद्ध माणसं प्रज्ञागिरीवर जातात, तिथे टेकडीवर बुद्धाची मोठी मूर्ती आहे. भिलाईच्या खुर्सीपारमधून, सेक्टरमधून, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतून पंधरा-वीस जणांचा जत्था निघायचा. पांढरे कपडे, पंचशीलाचे झेंडे, पाठीवर सतरंजी. तीन दिवस लागायचे. आणि दोन्ही नवरात्रांत त्याच रस्त्यावरून देवीची माणसं जायची, लाल झेंडे घेऊन, हजारोंनी. गावाजवळ दोन टेकड्या, एकीवर देवी, दुसरीवर बुद्ध. रस्ता मात्र एकच. दुतर्फा अर्जुनाची आणि चिंचेची जुनी झाडं होती. डांबराच्या बाजूला मुरुमाची रुंद कड होती आणि चालणारे सगळे त्या कडेवरून चालायचे.

शाळा सुटून वर्ष झालं असेल, तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता चाळिशीची बाई, एका कन्सल्टंटच्या ऑफिसात होती. म्हणाली, "मॅडम, एक परदेशी कंपनी डोंगरगडचा रस्ता रुंद करणार आहे. कंत्राट त्यांचंच, पुढे बरीच वर्षं टोलही तेच घेणार. त्यांना दुभाषी पाहिजे. इंग्रजी, हिंदी, छत्तीसगढी, तिन्ही येणारी. तुमच्याशिवाय मले कोणी आठवलंच नाही."

मला छत्तीसगढी येते कारण मी खुर्सीपारच्या बाजारात जात-येत लहानाची मोठी झाले. कंपनीला मात्र माझी भाषा हवी होती त्याहून जास्त माझं मास्तरीणपण हवं होतं, हे मला नंतर समजलं. गावात कुठेही गेलं की लोक विचारायचे, ही बाई कोण? आणि ड्रायव्हर सांगायचा, "मॅडम टीचर हैं." मग खुर्ची पुढे यायची.

कंपनीचा इंजिनीयर साठीला आलेला होता. दूरच्या देशातला. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती, माझीही नव्हती. आम्ही दोघं सावकाश, शब्द निवडून बोलायचो, त्यामुळे आमचं बरं जमायचं. उन्हाने त्याची मान भाजून निघाली होती. त्याचे गुडघे दुखायचे. गाडीतून उतरताना तो दर वेळी आधी दोन्ही पाय बाहेर काढून थोडा वेळ तसाच बसायचा. वाईट माणूस नव्हता. मी हे त्याची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

पहिला महिना वाहनं मोजण्याचा होता. छापील फॉर्म आले होते: ट्रक, डंपर, बस, कार, दुचाकी, सायकल, बैलगाडी. मी दोनदा तपासलं. पायी चालणाऱ्यांचा रकाना नव्हता. कागदावर सगळीकडे या रस्त्याला तीर्थमार्ग म्हटलं होतं, वरच्या बाजूला दोन्ही टेकड्यांचे फोटोसुद्धा होते. साहेबाला विचारलं तेव्हा तो खरोखर विचारात पडला.

"चालणारे लोक टोल देत नाहीत," तो म्हणाला. मग स्वतःच्याच बोलण्याने अवघडल्यासारखा झाला. "तुम्ही हाताने रकाना आखा. मी वर पाठवतो."

मी आखला. तो पुढे कुठे गेला ते मला माहीत नाही. डंपरांचा रकाना मात्र सगळ्यांच्या आवडीचा होता. पलीकडच्या खाणींतून लोखंडाची माती भरून ते यायचे. रस्ता कुणासाठी रुंद होतोय, हे तो फॉर्म भरणाऱ्या कुणालाही दुपारपर्यंत कळलं असतं.

आता त्या म्हातारीबद्दल सांगते.

हायवे सोडून रस्ता डोंगरगडकडे वळतो, तिथून काही कोसांवर एक गाव आहे. गावाच्या तोंडाशी एक बोरिंग होतं, म्हणजे हातपंप, आणि त्याला लागून टिनाची शेड. ती शेड एक म्हातारी सांभाळायची. सगळे तिला दाई म्हणत. यात्रेच्या दिवसांत ती चुलीवर मोठं जर्मनचं पातेलं चढवायची, पाण्यात मीठ टाकायची आणि येईल त्याला सांगायची, बस, पाय बुडव. तिची सासू करायची म्हणून ती करत होती, यापेक्षा जास्त कारण तिने मला कधी सांगितलं नाही. लाल झेंड्यांची माणसं आली तरी तेच पातेलं, निळ्या टोप्यांची आमची आली तरी तेच. बाबा तिला तीस वर्षांपासून ओळखत होते आणि तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

त्या गावात बैठक ठरली ती मे महिन्यात. त्या दिवशी आमची ती तिसरी बैठक होती. आधीच्या दोन गावांत भांडणं झाली होती, एकात कुणीतरी माझ्या अंगावर कागद फेकला होता. माझ्या डोक्यात ठणका होता. दाईच्या शेडसमोरच्या चिंचेखाली शंभरेक माणसं बसली होती. साहेबाने नकाशा पसरला, मी समजावून सांगत गेले: इथपर्यंत रुंदी येईल, ही झाडं जातील, ही शेड जाईल, बोरिंग रस्त्याच्या आत येतं. लोक शांत होते. मग दाई उठली.

"तोर साहब ला पूछ नोनी," ती म्हणाली, "पैदल वाला मन कोन कोती रेंगहीं?"

पायी चालणारे कुठल्या बाजूने चालतील? एवढंच तिने विचारलं. मग बाकीचे बोलायला लागले. गावाने आपसात आधीच ठरवलेलं होतं. समोरची जागा द्यायला ते तयार होते, झाडांवरही ते अडून बसणार नव्हते. मागण्या दोनच होत्या. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी मुरुमाची वेगळी पट्टी, डोंगरगडपर्यंत. आणि बोरिंग बुजवायच्या आधी शेडजवळ दुसरं बोरिंग.

मी साहेबाला सांगितलं. त्याने नकाशाकडे पाहिलं, डोळे चोळले, आणि बराच वेळ बोलला. म्हणाला, मागणी योग्य आहे. माझी स्वतःची काही हरकत नाही. पण हे डिझाइनमध्ये नाही, मी रिपोर्टमध्ये लिहीन, वरचे लोक ठरवतील, मी खात्री देऊ शकत नाही.

शंभर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. ऊन चिंचेतून खाली गळत होतं. एवढं सगळं हिंदीत सांगितलं की पुन्हा प्रश्न येणार, पुन्हा आवाज चढणार, पुन्हा मी दोघांच्या मधे उभी राहणार, हे मला दिसत होतं. आणि साहेबाची हरकत नाही म्हणजे होऊनच जाईल, असंही मला कुठेतरी वाटलं. नाही, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. मला फक्त बसायचं होतं.

मी म्हणाले, "साहब मान गए हैं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "छान समजूतदार माणसं आहेत." कुणीतरी मठ्ठ्याचे ग्लास आणले. संमतीच्या कागदावर सह्या झाल्या, अंगठे उठले. दाईने अंगठा दिला तेव्हा शाईचा पॅड मीच धरला होता.

रात्री जेवणाआधी मी बैठकीचा वृत्तांत टाइप केला. इंग्रजीत. आणि इंग्रजीत मी खरं लिहिलं. साहेब बोलला ते शब्द न् शब्द: तत्त्वतः हरकत नाही, वरिष्ठांकडे पाठवावे, आश्वासन दिलेले नाही. मी पंचवीस वर्षं मुलींच्या वह्यांत चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती. कागदावर खोटं लिहायला माझा हात वळला नाही. तोंडाला मात्र काहीच अडलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर काम सुरू झालं. झाडं चार दिवसांत गेली. मी तेव्हा दुसऱ्या टोकाच्या गावांत होते, पण आवाज लांबपर्यंत यायचा. दिवाळीच्या सुमाराला साहेबाचं कंत्राट संपलं. जाताना त्याने मला त्याच्या देशातली चहाची एक डबी दिली आणि म्हणाला, "ती पट्टी, मी लिहिलं होतं. उत्तर आलं नाही." मला त्याच वेळी विचारायला हवं होतं की आता पुढे काय. मी थँक यू म्हणाले.

नवा मॅनेजर तरुण होता, त्याच देशातला, घाईतला. मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि पट्टीचं आणि बोरिंगचं काढलं. त्याने फाइल उघडली, माझाच कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"इथे स्पष्ट लिहिलंय की आश्वासन नाही," तो म्हणाला. "फार चांगला वृत्तांत आहे. कोणी लिहिलाय?"

"मीच," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात बोरिंगमध्ये काँक्रीट ओतलं. मला ड्रायव्हरकडून कळलं. शेडचे टिन गावकऱ्यांनी आधीच काढून नेले होते, दाईच्या अंगणात रचून ठेवले होते, दुसरं बोरिंग लागलं की तिथे उभे करू म्हणून.

त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा ओट्यावर बसून पायांना तेल लावत होते. फेब्रुवारी जवळ येत होता.

"औंदा रस्ता कसा आहे माय?" त्यांनी विचारलं. "झाडं काटली म्हणते. दाईची शेड तरी हाये ना?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. मे महिन्यातली बैठक, साहेब काय बोलला, मी काय बोलले, आणि कागदावर काय लिहिलं. बाबा तेल लावायचे थांबले.

"तू खोटं कावून सांगितलं?"

"थकली होती बाबा. तिसरी मीटिंग होती. डोकं फुटून राहिलं होतं."

"थकली होती," ते म्हणाले. तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "तीस-पस्तीस साल मी भट्ट्यायच्या बॅटरीवर ड्यूटी केली. डबल शिफ्ट केली. उभ्या उभ्या झोप यायची. थकलो म्हणून मी कधी गॅसचा व्हॉल्व उलटा फिरवला काय?"

मी पायरीवर सांडलेलं तेल पदराने पुसलं.

"आमच्या टायमाले रशियन लोकं होते," ते म्हणाले. "त्यायची एक दुभाषी होती, बारीकशी पोरगी, कुठून तरी दिल्लीकडून आलेली. एक डाव मी भट्टीचा दरवाजा चुकीचा खोलला तं एक रशियन खूप चिल्लावला माझ्यावर. ते पोरगी रडकुंडीले आली, पण तिनं सारं सांगितलं मले, शिव्यासकट. मले राग आला तिचा. मागून समजलं, तिनं ते नसतं सांगितलं तं मी तो दरवाजा दुसऱ्या दिवशी बी तसाच खोलला असता अन् जळून मेलो असतो."

त्यांनी हात पुसले. "उद्या जा. तिले सांग."

"काय सांगू?"

"जे मले सांगितलं ते. अजून काय."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. आठ दिवस गेले नाही. ऑफिसला गेले, फॉर्म भरले, वांग्याची भाजी केली, बाबांची औषधं आणली. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त माझ्याशी बोलताना ते हिंदीत बोलायला लागले, पाहुण्याशी बोलतात तसं. नवव्या दिवशी मी सकाळच्या बसने निघाले.

दाई अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. पाणी दूरच्या विहिरीचं होतं, हंड्याने आणलेलं. ते पिताना मला लाज वाटली. मी उभ्यानेच सांगून टाकलं. साहेबाने हो म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं.

ती भाजी निवडत राहिली. मला वाटलं तिने ऐकलं नाही. मग म्हणाली, "मोला झन बता. ओ मन ला बता." मला नको सांगू, त्यांना सांग.

"कुणाला?"

तिने मान न उचलता गावाकडे हात केला. अंगठे त्या सगळ्यांनी दिले होते.

त्याच दुपारी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर माणसं जमली. मे महिन्याइतकी नव्हती, तीस-चाळीस असतील. माझ्यासाठी खुर्ची आणली होती. मी तिच्यावर बसले नाही. पंचवीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले होते, तशीच उभी राहिले. मी हिंदीत सांगितलं, मग छत्तीसगढीत पुन्हा सांगितलं, म्हणजे कुणाला वाटायला नको की भाषेत काही राहून गेलं.

एक माणूस ओरडला, "कितना मिला मैडम को?" मला काही मिळालं नव्हतं, पण तसं म्हणायची मला हिंमत झाली नाही, कारण मग लोकांनी विचारलं असतं, तर मग कशासाठी? आणि त्याचं उत्तर याहून वाईट होतं. एक बाई रडायला लागली. तिचं अंगण आणि मोहाचं झाड गेलं होतं. ती नुसती रडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

गावातले एक गुरुजी होते, प्राथमिक शाळेतले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. हिंदीत, दोन पानं, खाली सही. अमुक बैठकीत मी दुभाषी होते, अधिकाऱ्याचं म्हणणं मी चुकीचं सांगितलं, लोकांनी त्या चुकीच्या माहितीवर संमती दिली. गुरुजींनी त्याला अर्ज जोडला आणि तो जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत नेऊन दिला. कंपनीला तो कागद पोचला त्या दिवशीच माझं काम संपलं. तरुण मॅनेजर रागावला नाही. त्याला कळतच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण तुमचा वृत्तांत तर बरोबर आहे. कागदावर तुमची काहीच चूक नाही."

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात लवकर काहीच झालं नाही. सुनावणी लागली, पुढे ढकलली, पुन्हा लागली. मी प्रत्येक वेळी गेले. बाकावर बसायचं, नाव पुकारायची वाट बघायची, परत यायचं. गुरुजी डब्यातून भाकरी आणायचे, त्यातली अर्धी मला द्यायचे. दाई एकदाच आली आणि पूर्ण वेळ डोळे मिटून बसली. त्या दरम्यान एक फेब्रुवारी आला आणि गेला; रस्ता पूर्ण उकरलेला होता, जत्था रेल्वेने गेला. बाबा गेले नाहीत.

शेवटी मिळालं ते असं. त्या गावाच्या हद्दीपुरती मुरुमाची पट्टी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शांतपणे चाललं तर पंधरा मिनिटांची. आणि एक नवं बोरिंग, पण शेडच्या बाजूला नाही, समोर, रस्त्यापलीकडे, कारण जागा तिथेच उरली होती. पाण्याला लोखंडाची चव आहे. रात्रभर हंड्यात ठेवलं की तळाला लाल गाळ बसतो. गाव म्हणालं, काही नसण्यापेक्षा बरं. बाकीच्या गावांना काहीच मिळालं नाही. तिथे मी दुभाषी म्हणून खरं तेच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रारीला आधार नव्हता. हे मला गुरुजींनी हसत हसत सांगितलं, आणि मग डबा बांधायला लागले.

रस्ता झाला तो चांगला झाला, हे मान्य करायला हवं. गुळगुळीत, चार पदरी, मधे फुलांची झाडं. राजनांदगावपासून डोंगरगडला गाडी कधी पोचते ते कळत नाही. दोन्ही कडांना लोखंडी कठडा आहे आणि कठड्याबाहेर लगेच सिमेंटची नाली. चालायचं तर कठड्याच्या आत, डांबरावरून, डंपरांच्या बाजूने. नाहीतर नालीच्या पलीकडे, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून.

पुढच्या फेब्रुवारीत बाबा म्हणाले, "मी जातो."

हिंदीत नाही, मराठीत म्हणाले. मी त्यांना अडवू शकले असते. छातीची खरखर वाढली होती. पण मी सतरंजी बांधली आणि बरोबर निघाले. यंदा जत्थ्यात नऊच जण होते. तरुण लोक गाड्या करून थेट टेकडीच्या पायथ्याशी जाणार होते. रस्ता एवढा चांगला झाला आहे तर चालायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हती. आम्हीही दुर्ग पार करेपर्यंत टेम्पोतून गेलो. मग चालायला लागलो.

पहिल्या दिवशी बाबा बरे चालले. दुसऱ्या दिवशी फाट्यावरून वळलो आणि सावली संपली. फेब्रुवारीचं ऊन खरं तर सोसण्यासारखं असतं, पण डांबर खालून तापतं. प्रत्येक डंपर गेला की वाऱ्याचा धक्का बसायचा आणि बाबा कठड्याला धरून उभे राहायचे. झेंडा मी घेतला होता, तो हातातून निसटायचा. पूर्वी या रस्त्याने बुद्धवंदना म्हणत चालायचे, आता एकमेकांचं ऐकूच येत नव्हतं.

दाईच्या गावाशी मुरुमाची पट्टी लागली. बाबा थांबले, पायाने मुरुम दाबून बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "हेच काय?"

"हेच."

"किती दूर?"

"गाव संपेपर्यंत."

ते चालायला लागले. अगदी सावकाश चालले, पंधरा मिनिटांच्या पट्टीला त्यांनी अर्धा तास लावला. अर्ध्यावर टिनाची शेड परत उभी होती, दाईची सून चुलीपाशी होती. दाई गेल्या पावसाळ्यात वारली, असं तिने सांगितलं. मला कुणी कळवलं नव्हतं. कुणी का कळवावं? सुनेने रस्ता ओलांडून हंडा आणला. आणताना दोनदा थांबली, दोन्हीकडे गाड्या होत्या. पाणी तापवलं. बाबांनी पाय बुडवले. मीठ होतं. सुनेने मला ओळखलं की नाही ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. निघताना मी तिला म्हणाले, मी तीच, दुभाषी. ती म्हणाली, "जानथंव." माहीत आहे. आणि पातेल्याखाली लाकूड सारलं.

तिसऱ्या दिवशी डोंगरगडच्या अलीकडे टोलनाका लागला. वर मोठा फलक होता, यात्रेकरूंचं स्वागत करणारा, हिंदीत आणि इंग्रजीत. खाली आठ लेन, प्रत्येकीला आडवा दांडा. चालणाऱ्यांना जायला फट नव्हती. आम्ही नऊ जण झेंडे घेऊन एका लेनसमोर उभे राहिलो, मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. केबिनमधून एक मुलगी बाहेर आली, टोपी घातलेली, इथलीच असावी.

"पैदल वाले उधर से," ती म्हणाली आणि नालीपलीकडे हात केला. मग बाबांकडे बघून तिचा आवाज उतरला. "बाबाजी, यहाँ से allowed नहीं है. सेन्सर है."

मला इंग्रजी, हिंदी आणि छत्तीसगढी तिन्ही येतात. मी एकाही भाषेत काही बोलले नाही. बाबांना समजावायचं होतं, पण ते आधीच वळले होते. नालीवर एके ठिकाणी फरशी टाकली होती, तिच्यावरून आम्ही एकेक करून पलीकडे गेलो. पलीकडे हरभऱ्याचं शेत होतं, कापून झालेलं. धुऱ्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "जरा बसू."

बाकीचे पुढे गेले. टेकडी तिथून दिसत होती, मूर्तीही दिसत होती, पांढरट, लहानशी. बाबा सतरंजीला टेकून बसले आणि बसल्या बसल्या झोपले. तोंड उघडं, श्वासाला नेहमीची खरखर. दुपार होत आली होती आणि वर पोचायचं तर निघायला हवं होतं. मी त्यांना उठवलं नाही. चपला काढल्या, पाय ढेकळांवर ठेवले आणि समोरच्या लेनमधून जाणारे डंपर बघत बसले.